नवखा हात, मुरलेला हात आणि एकच विमान

फ्लाइट सिम्युलेटर घेणारी माणसं दोन अगदी वेगळ्या गोष्टी शोधत येतात. एकाला आपल्या गावावरून चक्कर मारायची असते. हातात गेमिंग कंट्रोलर, मोकळा अर्धा तास, आणि नदीकाठचं आपलं घर वरून दिसतं का ही उत्सुकता. दुसऱ्याने टेबलाला इंजिनाची शक्ती कमी-जास्त करणारं थ्रॉटल आवळून बसवलेलं असतं, पायाखाली विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी रडर पेडल असतात, आणि एअरबस ए३२० चं बंद, अंधारं कॉकपिट एकेक खटका दाबून जागं करण्यात त्याचा पहिला पाऊण तास मजेत जातो. ऑगस्ट २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरची नवी आवृत्ती संगणकावर आली, पुढच्या जुलैत ती एक्सबॉक्सवर गेली, आणि ही दोन्ही माणसं एकाच आकाशात येऊन उभी राहिली.

दोघांचं एकाच वेळी समाधान करायचं कसं, हा सिम बनवणाऱ्यांचा जुना पेच आहे. त्यावर सहज सुचणारं उत्तर म्हणजे ‘सोपं, मध्यम, अवघड’ असा एकच खटका. विमानाच्या बाबतीत हे उत्तर फसतं. ते का फसतं, कोणत्या सिमने त्यावर काय तोडगा काढला, आणि खेळणाऱ्याने स्वतःच्या सेटिंगमध्ये काय करावं, ते पुढे सांगितलं आहे.

अवघड म्हणजे नेमकं काय अवघड?

गोळीबाराच्या खेळात सोपं करायचं तर शत्रूचा नेम थोडा बिघडवला की झालं. नागरी विमानाच्या सिममध्ये शत्रूच नसतो. सगळी अडचण विमानात, हवेत आणि माणसाच्या हातात असते, आणि ती एकाच जातीची नसते.

सेसना १७२ हे सगळ्यात साधं, शिकाऊ विमान घ्या. त्याचा पंखा कॉकपिटमधून बघितला तर उजवीकडे, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पूर्ण शक्ती दिली की विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं, म्हणून उड्डाणाच्या धावेत उजवं रडर द्यावं लागतं. ही झाली हवेची आणि पंख्याची अडचण. पुढची अडचण हाताची. ५५ नॉटला (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) नाक उचलायचं, ७४ नॉट धरून चढायचं, उतरताना ६५ नॉट, आणि हे सगळं बोटभर हालणाऱ्या काठीने. मग यंत्रणा येते: मास्टर स्विच, इंधनाचा पंप, इंधन-हवेच्या मिश्रणाची दांडी, ठिणगी देणारे मॅग्नेटो, तेलाचा दाब. त्यानंतर पद्धत, म्हणजे रेडिओवर काय बोलायचं, कुठल्या उंचीवर वळायचं, कोणत्या धावपट्टीवर उतरायचं. शेवटी परिणाम आणि वेळ: आपटलं तर विमान मोडायचं का, आणि दोन तासांचा प्रवास खरोखर दोन तास बसून करायचा का.

एकाच माणसाला यातलं एक सोपं आणि दुसरं अवघड हवं असू शकतं. पुढे बारामती, गोंदिया किंवा शिरपूरला विमान शिकायला जायचं ठरवलेल्या मुलीला हवा आणि हात खरे हवेत, रेडिओ नंतर चालेल. निवृत्तीनंतर सिमकडे वळलेल्या गृहस्थांना नकाशे आणि रेडिओ यांत रस असतो, पण बोटं थरथरत असतील तर नियंत्रणाला मदत हवी असते. एकाच खटक्यावर या दोघांना बसवलं की दोघंही अर्धवट समाधानी राहतात.

हवा ढिली करू नये

२००६ च्या फ्लाइट सिम्युलेटर एक्समध्ये वास्तवतेचं एक पान होतं. त्यावर पंख्याची डावी ओढ, टॉर्क (इंजिनाच्या फिरण्याने विमानाला बसणारा उलटा पीळ), फिरत्या पंख्याचा जायरो परिणाम, आपटण्याची सहनशीलता आणि ‘सर्वसाधारण’ अशा सरकपट्ट्या होत्या. सोपं निवडलं की त्या डावीकडे सरकायच्या आणि विमान रुळावरून चालल्यासारखं सरळ धावायचं. नवख्याला बरं वाटायचं. पण त्याच्या हाताला लागलेली सवय खोटी असायची. उजव्या रडरची गरज त्याच्या डोक्यातच नसायची. महिन्याभराने त्याने पट्ट्या उजवीकडे नेल्या की तेच विमान पहिल्याच धावेत डावीकडच्या गवतात शिरायचं, आणि त्याला वाटायचं की सिममध्ये बिघाड आहे. शिकलेलं पुसून पुन्हा शिकणं हे पहिल्यांदा शिकण्यापेक्षा जास्त कष्टाचं असतं. बरेच जण इथेच सोडून देतात.

म्हणून आमचं ठाम मत असं: हवेचे नियम दोघांना सारखेच ठेवावेत आणि काम वाटून द्यावं. विमान डावीकडे ओढतंच आहे, पण रडर सध्या दुसरं कुणीतरी देतंय, आणि ते देताना पेडल हलताना दिसतंय. अशी मदत काढून घेतली की विमान तसंच राहतं, फक्त एक काम आपल्याकडे येतं. खऱ्या प्रशिक्षणातही हेच होतं. शेजारी बसलेले प्रशिक्षक पहिल्या दिवशी जवळपास सगळं स्वतः करतात आणि शिकाऊ वैमानिकाकडे एकेक गोष्ट सोपवत जातात. त्यांच्यासाठी सेसना काही हलकी होत नाही.

२०२० च्या मायक्रोसॉफ्ट सिममध्ये ही कल्पना बऱ्यापैकी उतरली. रेडिओवरचं बोलणं कृत्रिम सहवैमानिकाकडे सोपवता येतं, तपासणी यादी त्याच्याकडून करून घेता येते, इंधन संपू न देण्याची सोय वेगळी, बर्फ साचण्याचा परिणाम वेगळा. बर्फाच्या बाबतीत तर तीन पर्याय आहेत: बंद, फक्त दिसण्यापुरता, आणि खरा. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिममध्ये नाक वर-खाली, कलणं आणि दिशा या तिन्हींसाठी स्थिरतेची मदत स्वतंत्र सरकपट्ट्यांवर आहे. २००१ च्या आयएल-२ स्टुर्मोविक या लढाऊ सिममध्ये तर ही गोष्ट फार आधी सापडली होती: टॉर्क, वारा, इंजिनाची सविस्तर देखभाल, गरगरणं, मर्यादित गोळ्या, नावांच्या पाट्या, बाहेरून विमान बघण्याची मुभा, प्रत्येकासाठी वेगळी चौकट. ऑनलाइन खेळताना सर्व्हर चालवणारा त्या चौकटी ठरवायचा, म्हणजे कुठल्या खोलीत कसले नियम आहेत हे आत जाण्यापूर्वीच कळायचं.

एक मदत दुसरीच्या मुळावर कशी येते

मदती वेगळ्या केल्या म्हणजे काम संपलं असं नाही. स्वयंचलित रडर घ्या. काठी डावीकडे झुकवली की ते रडरही डावीकडे देतं, त्यामुळे वळण नीट येतं. पेडल नसलेल्याला ही मदत लागतेच. आता उतरताना वारा डावीकडून येतोय असं समजा. खरी रीत अशी की डावा पंख वाऱ्याकडे किंचित खाली ठेवायचा आणि नाक धावपट्टीच्या रेषेत राहावं म्हणून उजवं रडर द्यायचं. स्वयंचलित रडरला हे उमगत नाही. काठी डावीकडे आहे म्हणून ते डावंच रडर देतं, आणि विमान तिरकं होऊन चाकांवर आडवं घासतं. १० नॉटच्या आडव्या वाऱ्यातही हे जाणवतं. म्हणून स्वयंचलित रडर चालू असेपर्यंत हवामान ठरवताना वारा धावपट्टीच्या रेषेतच ठेवावा, आणि आडव्या वाऱ्याचा सराव सुरू करायचा त्या दिवशी ती मदत बंद करावी. फ्लाइटगिअर हे फुकट आणि मुक्तस्रोत सिम वापरणाऱ्यांनाही हाच नियम लागू, तिथेही रडर आणि काठी जोडण्याचा पर्याय आहे.

स्वयंचलित ट्रिमचंही तसंच. ट्रिम म्हणजे काठी सोडली तरी नाक हव्या त्या जागी ठेवणारं चाक. आपण चाक फिरवतो, मदत ते परत फिरवते, आणि विमानाचं नाक संथपणे वर-खाली डुलत राहतं. दोष हाताचा वाटतो, पण असतो दोन चालकांच्या भांडणाचा.

सगळ्यात वाईट म्हणजे न दिसणारी मदत. कृत्रिम वैमानिकाकडे नियंत्रण सोपवलेलं राहून गेलं तर काठी हलवूनही विमान ऐकत नाही. सिम बनवणाऱ्यांनी इथे एकच साधी गोष्ट करायला हवी: जी मदत या क्षणी चालू आहे तिची छोटी खूण पडद्याच्या कोपऱ्यात दाखवणे, आणि ती खूण बंद करण्याची सोय मुरलेल्यांना देणे.

घरचं वास्तव खऱ्यापेक्षा अवघड असतं

मुरलेल्या मंडळींचा एक आक्षेप नेहमी असतो: मदत घेणं म्हणजे लबाडी. हा आक्षेप मोजमापाने तपासून बघण्यासारखा आहे.

२४ इंची पडदा साधारण ५३ सेंटीमीटर रुंद असतो. त्यापासून ६० सेंटीमीटरवर बसलं तर तो डोळ्यासमोरचा सुमारे ४८ अंशांचा कोन व्यापतो. माणसाची नजर आडवी सुमारे २०० अंश पसरलेली असते. उतरताना जमीन किती जवळ आली हे खरा वैमानिक बऱ्याच अंशी डोळ्यांच्या कडांनी ओळखतो: धावपट्टीच्या कडा पसरू लागतात, बाजूचं गवत वेगाने मागे जातं. घरी तो भाग पडद्याच्या बाहेर, भिंतीवर असतो. शिवाय खुर्ची हलत नाही, पाठीला धक्का लागत नाही.

ट्रिमची गोष्ट याहून ठळक आहे. खऱ्या सेसनात योकवर, म्हणजे हातातल्या सुकाणूवर, दाब जाणवतो, आणि तो दाब जाईपर्यंत ट्रिमचं चाक फिरवायचं असतं. घरच्या जॉयस्टिकमध्ये स्प्रिंग आहे, ती नेहमी मध्याकडेच ओढते. हवेचा दाब तिला ठाऊकच नाही. म्हणून सिममध्ये रीत बदलावी लागते. आधी काठीने नाक हव्या त्या जागी धरायचं आणि वेग स्थिर होईपर्यंत १० ते १५ सेकंद थांबायचं. मग ट्रिम थोडं थोडं देत त्याच गतीने काठी मध्याकडे सोडत जायचं. काठी मध्यात आली आणि नाक हललं नाही, की ट्रिम झालं. नवख्यांचं विमान डुलतं याचं मुख्य कारण हेच असतं: ट्रिमने उंची बदलायचा प्रयत्न, तोही वेग स्थिर व्हायच्या आत.

लढाऊ सिममध्ये तोच मुद्दा दिसण्याचा. १० मीटर पंखांचं विमान ५ किलोमीटरवर असेल तर ते डोळ्यात सुमारे ०.११ अंशाचा कोन करतं. १९२० ठिपक्यांच्या पडद्यावर ६० अंशांचं दृश्य दाखवलं तर एका अंशाला ३२ ठिपके मिळतात. म्हणजे ते अख्खं विमान चारही ठिपके भरत नाही. निरोगी डोळा एका अंशात साधारण ६० बारकावे वेगळे ओळखतो. खऱ्या वैमानिकाला जे दिसतं त्याच्या निम्मंच पडद्यावर येतं. अशा वेळी दृश्य जवळ ओढण्याची सोय किंवा दूरच्या विमानाशेजारची पाटी हा डोळ्याचा हक्क परत देण्याचा प्रकार आहे. उतरताना विमान नेमकं कुठे चाललंय ते दाखवणारी खूणही तशीच. खऱ्या विमानात शरीराने दिली असती ती माहिती ती भरून काढते, आणि तिचा वापर करायला मुरलेल्यांनीही संकोच करू नये.

हातातलं यंत्र

नवख्याचा पहिला अनुभव बिघडतो तो बहुतेक वेळा इथे, आणि दुरुस्ती पाच मिनिटांची असते.

कंट्रोलरच्या अंगठ्याखालची काठी मधून कडेपर्यंत जेमतेम सेंटीमीटरभर सरकते. तेवढ्यात विमानाचा सगळा ताबा मावायचा, म्हणजे मिलीमीटरची चूकही मोठी. म्हणून प्रतिसादाची वक्ररेषा मध्यात सपाट करावी. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये संवेदनशीलता उणे ३० पासून सुरू करावी आणि उणे ५० च्या पलीकडे जाऊ नये. फार सपाट केली की मध्यात काहीच घडत नाही आणि कडेजवळ एकदम उसळी येते. नेमक्या उतरण्याच्या शेवटच्या क्षणी, नाक हळूच उचलताना, ती उसळी विमानाला धावपट्टीवरून पुन्हा हवेत फेकते. मृत भाग, म्हणजे मध्यातला निष्क्रिय पट्टा, काठी सोडून द्यावी आणि पडद्यावरचा निर्देशक थरथरतो का ते बघून ठरवावा. थरथर थांबेल इतकाच, बहुधा २ ते ५ टक्के.

दोन उपकरणं एकत्र जोडली की आणखी एक घोटाळा होतो. जॉयस्टिक लावली, पण कंट्रोलर यूएसबीला तसाच राहिला, आणि दोघांचंही थ्रॉटल एकाच कामाला बांधलेलं. इंजिनाची शक्ती आपोआप वरखाली होते. पेडल नवीन घेतलेल्यांचा नेहमीचा प्रश्न वेगळा: पूर्ण थ्रॉटल देऊनही विमान जागचं हलत नाही. ब्रेकचा अक्ष उलटा वाचला जात असतो, पाय उचलला की ब्रेक पूर्ण दाबला जातो. सेटिंगमध्ये तो अक्ष उलटा करण्याची चौकट दाबली की विमान सुटतं. हे न कळल्यामुळे चांगली पेडल परत करणारे लोक असतात, म्हणून नव्या उपकरणाच्या पहिल्या जोडणीच्या वेळीच ‘डावा ब्रेक दाबा, आता सोडा’ अशी तपासणी सिमने स्वतःहून करून घ्यायला हवी.

वरचा मजला काढला तर

२०१२ चं उदाहरण या सगळ्या विषयात सर्वांत बोलकं आहे. मायक्रोसॉफ्टने जुना सिम बनवणारा एसेस स्टुडिओ जानेवारी २००९ मध्ये बंद केला होता. फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘मायक्रोसॉफ्ट फ्लाइट’ आला: घ्यायला फुकट, अमेरिकेतल्या हवाई बेटसमूहातलं मोठं बेट, पाण्यावर उतरणारं छोटं आयकॉन ए५ विमान, पटकन हाताशी येणारी उड्डाणं. नवख्यासाठीची सुरुवात खरोखर चांगली होती. विमान माऊसनेही उडवता यायचं आणि त्याची हवेतली वागणूक बरी होती.

पण वर चढायला काही नव्हतं. हवाई नियंत्रक नव्हते, आकाशात इतर वाहतूक नव्हती, आणि बाहेरच्या मंडळींना विमानं किंवा विमानतळ बनवून घालण्याची वाट बंद होती. विकत घ्यायच्या काही विमानांना, उदाहरणार्थ पी-५१ मस्टँगला, आतून कॉकपिटच नव्हतं. ते फक्त बाहेरून बघत उडवायचं. जुलै २०१२ मध्ये त्याचं काम थांबवण्यात आलं.

यातून बऱ्याच जणांनी ‘सोपं केल्यामुळे बुडालं’ असा निष्कर्ष काढला. तो आम्हाला पटत नाही. बुडालं ते जिना अर्ध्यावर कापल्यामुळे. दोन महिन्यांत बेट बघून झालं की नवख्यालाच पुढे काय हा प्रश्न पडतो. ज्यांनी त्याला उत्तर दिलं असतं, शिकवलं असतं, मोफत विमानतळ बनवून दिले असते, ती मुरलेली मंडळी तिथे फिरकलीच नव्हती. नवखे मोठ्या संख्येने एकदा येतात. मुरलेले वर्षानुवर्षं राहतात, पूरक विमानं घेतात, चुका शोधून कळवतात. त्यांच्याविना खालचा मजलाही ओस पडतो.

याच्या उलट घडलं ते २०२० नंतर. मूळ खेळातला ए३२० निओ वरवरचा होता, बरीच बटणं नुसती शोभेची. फ्लायबायवायर या गटाने त्याच विमानावर काम सुरू करून मुक्तस्रोत, मोफत आणि खूप खोल अशी आवृत्ती उभी केली. साधं विमान नवख्याला पुरेसं होतं, खोल विमान शेजारीच मिळत होतं, आणि बाहेरच्यांना काम करायची मुभा होती म्हणून ते घडलं.

विमान खोल, वाट मात्र छोटी

यंत्रणा किती खोल असाव्यात याचा तोल डीसीएस वर्ल्ड या लढाऊ सिमने चांगला साधला आहे. तिथे फ्लेमिंग क्लिफ्स नावाचा विमानांचा संच आहे. त्यातल्या एफ-१५सीच्या कॉकपिटमधली बटणं माऊसने दाबता येत नाहीत. रडार, क्षेपणास्त्रं सगळं मोजक्या कळांवर. पण हवेतली वागणूक पूर्ण तपशिलाची आहे. शेजारी एफ/ए-१८सी किंवा ए-१०सी आहे, ज्यांचा प्रत्येक खटका खरा आणि ज्यांची पुस्तिका शेकडो पानांची. दोन्ही एकाच सर्व्हरवर, एकाच आकाशात लढतात. हवा सारखी, कामाचा बोजा वेगळा. सुरुवात करणाऱ्याला एसयू-२५टी आणि टीएफ-५१डी ही दोन विमानं फुकट मिळतात: पहिलं कळांवर चालणारं, दुसरं खटके दाबायचं. दोन्हींत दोन-दोन संध्याकाळी घालवल्या की आपल्याला कुठलं आवडतं ते पैसे खर्च न करता कळतं. खटक्यांच्या विमानातही डावी विंडोज कळ आणि होम एकत्र दाबली की इंजिन सुरू करण्याची सगळी प्रक्रिया आपोआप होते. ती बघत बसणं हाही शिकण्याचा चांगला मार्ग आहे, कारण प्रत्येक खटका कुठल्या क्रमाने हलतो ते दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या सिममध्ये तेच काम कंट्रोल आणि ई करतात.

वेळ हा खटका मात्र दोघांनाही लागतो, हे अनेकदा विसरलं जातं. ए३२० ची दिशादर्शक यंत्रणा जुळायला खऱ्या विमानात काही मिनिटं लागतात. फ्लायबायवायरच्या विमानात त्यासाठी तत्काळ, जलद आणि खरी वेळ असे पर्याय आहेत. रात्री नऊला कामावरून आलेल्या मुरलेल्या माणसालाही कधी कधी इंजिनं सुरू असलेलं विमान धावपट्टीच्या टोकाला हवं असतं. ज्याला उद्या सकाळी उठायचंय त्याला उड्डाण अर्ध्यावर साठवून ठेवता आलं पाहिजे. ही सोय कमी प्रतीची समजू नये.

पहिले तीन तास

सिमचे पाठ बहुधा इंजिन सुरू करण्यापासून सुरू होतात. खरे प्रशिक्षक तसं करत नाहीत. पहिल्या पाठात ते विमान हवेत नेतात आणि मग काठी शिकाऊच्या हातात देतात. तोच क्रम घरी घ्यावा. २,००० फुटांवर, १०० नॉट, स्वच्छ हवा, ट्रिम केलेलं विमान. नुसतं डावी-उजवीकडे वळवायचं, वेग कमी करून बघायचा, पुन्हा वाढवायचा.

त्यानंतर लगेच उतरणं, कारण नवखे सोडून जातात ते याच पायरीवर. पूर्ण उड्डाण करून शेवटी एकदाच उतरण्याचा प्रयत्न केला तर तासाला एक सराव होतो. त्याऐवजी धावपट्टीपासून ३ सागरी मैलांवर, जमिनीपासून १,००० फूट उंचीवर सुरुवात करावी. ६५ नॉटने जमिनीला टेकायला तीन मिनिटंही लागत नाहीत, उतरण्याचा दर मिनिटाला ३६० फुटांच्या आसपास राहतो, आणि तासाला पंधरा सराव सहज होतात. गोव्याची दाभोळीची धावपट्टी यासाठी उत्तम: जवळपास ३,४०० मीटर लांब. पश्चिमेचा वारा असताना २६ क्रमांकाच्या टोकाकडून, म्हणजे पूर्वेकडून यावं. समोर समुद्र असतो. धावपट्टी सुमारे १८० फुटांवर आहे, तेव्हा सुरुवात १,२०० फुटांवरून करावी. वेग ८० नॉट राहिला तर विमान जमिनीजवळ तरंगत लांबवर जाईल, पण इथे पुढे पट्टी शिल्लक असते.

सिमनेही इथे ‘विमान आपटलं’ एवढंच सांगून थांबू नये. टेकताना वेग ८२ होता, हवा होता ६५. उतरण्याचा दर ७०० होता. एवढे दोन आकडे दिले तर पुढच्या प्रयत्नात काय बदलायचं ते कळतं, आणि हे आकडे मुरलेल्यालाही हवेच असतात.

मग मदती काढायच्या. आधी पडद्यावरचे मार्गदर्शक बाण. मग पेडल किंवा पिळता येणारी जॉयस्टिक हाताशी असेल तरच स्वयंचलित रडर. त्यानंतर मोडतोड आणि इंधन खरं करावं. इंधन-हवेच्या मिश्रणाची मदत सर्वांत शेवटी, आणि ती काढण्यासाठी पुणे ही फार चांगली जागा आहे. पुण्याची धावपट्टी सुमारे १,९०० फुटांवर. मे महिन्यातल्या ४० अंशांत तिथली हवा ५,४०० फुटांवरच्या हवेइतकी विरळ होते. समुद्रसपाटीला थंड हवेत मिनिटाला साधारण ७३० फूट चढणारी पूर्ण भरलेली सेसना इथे ५०० च्या आसपास येते. मिश्रणाची दांडी पूर्ण आत ठेवली तर इंजिनाला इंधन जास्त होतं आणि त्याहूनही कमी शक्ती मिळते. दांडी थोडी बाहेर ओढून फेरे सर्वाधिक होतील तिथे ठेवावी लागते. मदत चालू असताना हा सगळा प्रकार आडच राहतो, फक्त विमान आळसावल्यासारखं वाटतं. जुहूहून निघून खंडाळ्याच्या घाटावरून पुण्याला यायचं, आणि परतीच्या उड्डाणाला दुपार निवडायची, एवढ्या एका सहलीत हे समजतं.

विमान शिकायला जाणार असाल तर एक जपा. लहान पडद्यामुळे नजर घड्याळांवर खिळते, आणि ती सवय खऱ्या विमानात सोडवताना प्रशिक्षकांचा वेळ जातो. वेगाचं एक घड्याळ सोडून बाकीची झाकून, क्षितिज बघून उडवण्याचा सराव घरीच करा. घरच्या सिमवरचे तास परवान्याच्या नोंदवहीत धरले जात नाहीत, सवयी मात्र बरोबर जातात.

एकाच आकाशात दोघं

ऑनलाइन खेळात तोल सर्वांत नाजूक होतो, कारण एकाची मदत दुसऱ्याचं नुकसान ठरू शकते. वॉर थंडर या लढाईच्या खेळात यासाठी तीन वेगळ्या पद्धती आहेत. आर्केडमध्ये लढत हवेतच सुरू होते, गोळ्या उडता उडता पुन्हा भरतात, आणि पुढे नेम कुठे धरायचा ती खूण दिसते. रिअलिस्टिकमध्ये गोळ्या मोजक्या. सिम्युलेटरमध्ये फक्त कॉकपिटमधून दिसणारं दृश्य, आणि माऊसने नेम धरला की विमान आपोआप तिकडे वळवणारी सोय बंद. हे वेगळेपण आवश्यक आहे: पहिल्या दोन पद्धतींत माऊसवाल्यासमोर जॉयस्टिकवाल्याचा टिकाव लागणं कठीण, कारण माऊसमागे संगणक विमान सांभाळत असतो. याची किंमतही आहे. खेळणारे तीन ठिकाणी विभागले जातात आणि सर्वांत अवघड खोलीत गर्दी सर्वांत कमी असते.

व्हॅटसिम या ऑनलाइन जाळ्यावर, जिथे खरी माणसं हवाई नियंत्रक होऊन बसतात, उलटी रीत आहे. तिथे खोली एकच. नव्या सदस्याला आत येण्यापूर्वी छोटी परीक्षा द्यावी लागते, आणि किमान आपलं विमान सांगितलेल्या दिशेला व उंचीवर नेता येणं अपेक्षित असतं. बोलायची भीती वाटणाऱ्याला लिहून उत्तर देण्याची मुभा आहे. उड्डाणाच्या आराखड्यात शेरा म्हणून आवाज, फक्त ऐकणं किंवा फक्त मजकूर, यांपैकी काय चालेल ते लिहायचं. नियंत्रक त्याप्रमाणे वागतात. सुरुवात निरीक्षक म्हणून जोडून करावी आणि एक-दोन संध्याकाळी नुसतं ऐकावं. पहिलं उड्डाण नियंत्रक नसलेल्या शांत विमानतळावरून, १२२.८०० वर आपला इरादा लिहीत. गर्दीच्या कार्यक्रमाच्या दिवशी मोठ्या विमानतळावर नवख्याने जाऊ नये: तिथे एक विमान धावपट्टीवर अडकलं की मागे रांगेतल्या सगळ्यांना पुन्हा फिरावं लागतं. आणि अडकलंच, तर ‘नवीन आहे, सावकाश सांगा’ एवढं लिहावं. बहुतेक नियंत्रक मग सूचना तोडून, एकेक करून देतात.